चुकलेल्या उत्तराचं काय करायचं?

आपल्या इथल्या पार्ट्यांचा क्रम आता सगळ्यांना पाठ आहे. आधी समोसे, मग जेवण, मग चहा, आणि चहाबरोबर कुणीतरी अंताक्षरी काढतं. गेली काही वर्षं अंताक्षरीच्या जागी टीव्हीवर प्रश्नमंजूषेचा व्हिडिओ गेम लागतो, प्रत्येकाच्या हातात आपापला फोन असतो आणि तासभर घर डोक्यावर घेतलं जातं. मंडळाच्या गणेशोत्सवात आणि रविवारच्या मराठी शाळेतही हे खेळ शिरले आहेत. करमणूक म्हणून त्यांचं कौतुक होतंच, पण ‘मुलं खेळता खेळता शिकतात’ असंही कौतुक होतं. मला बोलायचं आहे ते या दुसऱ्या कौतुकाबद्दल.

वीस वर्षं सॉफ्टवेअर लिहून एक खोड लागली आहे. कुठलाही प्रोग्रॅम हातात आला की आधी त्याला मुद्दाम चुकीची माहिती द्यायची आणि तो काय करतो ते पाहायचं. या खेळांनाही मी तीच कसोटी लावतो. खेळणाऱ्याचं उत्तर चुकलं की खेळ त्या चुकीचं काय करतो?

या सगळ्यांचा आजोबा म्हणजे ट्रिव्हियल पर्सूट. १९७९ साली माँट्रियलमध्ये ख्रिस हेनी आणि स्कॉट ॲबट या वृत्तपत्रसृष्टीतल्या दोघांनी तो बेतला. त्याचं उत्तर कार्डाच्या मागे असतं. चुकलात तर पाळी दुसऱ्याची, विषय संपला. या खेळाची एक कोर्टकथा मात्र ऐकण्यासारखी आहे. फ्रेड वर्थ नावाच्या लेखकाने आपल्या माहितीकोशात एक थाप पेरून ठेवली होती: टीव्हीवरच्या कोलंबो या डिटेक्टिव्हचं पहिलं नाव फिलिप. ही थाप ट्रिव्हियल पर्सूटच्या कार्डावर सत्य म्हणून उतरली. चोर सापडला म्हणून वर्थने १९८४ साली दावा लावला आणि तो हरला. माहितीवर कुणाची मालकी नसते, हे १९८७ साली अपील कोर्टानेही मान्य केलं. म्हणजे माहिती सगळ्यांची. कसब असलंच तर ते प्रश्न रचण्यात आणि उत्तरानंतर जे घडतं त्यात.

हे कसब मला पहिल्यांदा दिसतं ते ‘व्हेअर इन द वर्ल्ड इज कारमेन सॅनडिएगो’ या ब्रॉडरबंड कंपनीच्या १९८५ सालच्या खेळात. चोराने पैसे कुठल्या चलनात बदलून घेतले, त्याच्या विमानावरच्या झेंड्याचे रंग कोणते, अशा खुणांवरून देशोदेशी त्याचा माग काढायचा. चुकीच्या शहरात उतरलात तर तिथे कुणीच चोराला पाहिलेलं नसतं. तुम्ही मुकाट्याने परत फिरता आणि घड्याळातले मोलाचे तास वाया जातात. चूक महाग पडते, पण खेळ चालू राहतो. शिवाय खोक्यात फ्लॉपीबरोबर ‘वर्ल्ड अल्मनॅक’चा जाडजूड ग्रंथ येत असे. पुस्तकात पाहून उत्तर देणं ही इथे लबाडी नव्हती, तोच अभ्यास होता. आपल्या शाळांमध्ये यासाठी छडी मिळत असे!

दहा वर्षांनी, १९९५ साली, जेलीव्हिजन आणि बर्कली सिस्टिम्स यांनी ‘यू डोन्ट नो जॅक’ आणला. लेखन म्हणून पाहिलं तर या प्रकारातला हा सर्वोत्तम खेळ, असं माझं मत आहे. चित्रं जवळजवळ नाहीत. पडद्यावर ठसठशीत अक्षरं आणि कानात एका फटकळ सूत्रधाराचा आवाज. पण प्रत्येक चुकीच्या पर्यायासाठी त्याचा वेगळा टोमणा ध्वनिमुद्रित केलेला असे. तुम्ही ‘ब’ निवडलात म्हणजे तुमच्या डोक्यात काय घोळ झाला असेल, याचा विचार लिहिणाऱ्याने आधीच करून ठेवलेला. यंत्राला आपण दिसतो आहोत असा भास होतो तो त्यामुळे. आतमध्ये फक्त नीट लावलेल्या आवाजाच्या तुकड्यांची कपाटं आहेत, हे मला ठाऊक असूनही होतो.

मात्र या खेळाच्या घरात आपण पाहुणे. पीएच.डी.साठी इथे आलो तेव्हा लॅबमधल्या मित्रांनी एका शनिवारी जुनी सीडी लावली. प्रश्न शेक्सपिअरचा, पण तो विचारायचा सकाळच्या सीरियलच्या खोक्यावरच्या एखाद्या कार्टूनच्या आडून. शेक्सपिअर मला कळत होता, खोकं कळत नव्हतं. त्यात या खेळात ‘स्क्रू’ नावाचं एक बटण आहे. समोरच्याला उत्तर येत नसणार असं वाटलं की ते दाबून त्यालाच उत्तर द्यायला भाग पाडायचं. त्या रात्री सगळे स्क्रू कुणाच्या वाट्याला आले असतील ते सांगायला नको. ‘सामान्यज्ञान’ या शब्दातलं ‘सामान्य’ म्हणजे नक्की कुणासाठी सामान्य, हा प्रश्न मला तेव्हापासून पडलेला आहे. ज्यांचं बालपण एका टीव्हीसमोर गेलं त्यांचा तो ओळखीचा परवलीचा शब्द असतो.

आता मराठी शाळेतल्या लाडक्या कहूटकडे वळू. याची मुळं नॉर्वेतल्या ट्रोंडहाइमच्या विद्यापीठात, प्राध्यापक अल्फ इंगे वांग यांच्या संशोधनात आहेत. २०१३ साली तो सर्वांसाठी खुला झाला. प्रश्न भिंतीवर, उत्तरासाठी फोनवर चार रंगांच्या चार आकृती. नेहमीच्या मांडणीत लगेच दिलेल्या बरोबर उत्तराला १००० गुण मिळतात आणि वेळ संपता संपता दिलेल्याला जेमतेम ५००. वीस सेकंदांच्या प्रश्नाला अठराव्या सेकंदाला अचूक उत्तर देणाऱ्या आजोबांना मिळतात ५५०. आमच्या मंडळाच्या स्पर्धेत हेच घडलं. तीन महिन्यांसाठी आलेले एक निवृत्त शिक्षक, किल्ल्यांची नावं तोंडपाठ, पण चष्मा सावरून लाल त्रिकोण शोधेपर्यंत गुण निम्म्यावर! पहिली आली ती एक चुणचुणीत मुलगी. रायगड कुठल्या जिल्ह्यात असं नंतर विचारलं, तर म्हणाली, “काका, तो निळा होता ना?”

दोष सगळा कहूटचा नाही. प्रत्येक प्रश्नानंतर कुणी काय निवडलं याचा आलेख पडद्यावर येतो. शिकवायचं असेल तर ती जागा सोन्यासारखी आहे. अर्ध्या वर्गाने ‘पन्हाळा’ म्हटलं असेल तर का म्हटलं? तिथे थांबून बोलता येतं, प्रश्नाची वेळही वाढवता येते. आपण दोन्ही करत नाही, कारण मागे संगीत वाजत असतं आणि सगळ्यांना पहिले पाच पाहायचे असतात. २०१७ साली गाजलेल्या आणि काही वर्षांतच विझलेल्या एचक्यू ट्रिव्हियात तर ही सोयही नव्हती. बारा प्रश्न, प्रत्येकाला दहा सेकंद, एक चूक की बाहेर. ती लॉटरी होती, तिला प्रश्नमंजूषा म्हणणं जिवावर येतं.

‘जॅक’वाल्यांनीच पुढे जॅकबॉक्स या नावाने २०१४ साली खेळांचा संच काढला, त्यात ‘फिबेज’ आहे. एखाद्या चमत्कारिक पण खऱ्या वाक्यातला एक शब्द गाळलेला असतो. खरं उत्तर कुणालाच माहीत नसतं, म्हणून प्रत्येकाने आपल्या फोनवर पटेल अशी थाप लिहायची. मग सगळ्या थापांच्या गर्दीतून खरं उत्तर ओळखायचं. तुमच्या थापेला कुणी फसलं की गुण तुम्हाला. इथे चुकीचं उत्तर हाच खेळाचा कच्चा माल आहे. टीव्हीसमोर वाढलेला आणि काल विमानातून उतरलेला, दोघे एकाच रेघेवर उभे. संचातले बाकीचे काही खेळ भरतीचे आहेत आणि विनोद मधूनच चावट होतो, हे मुलांना बसवण्याआधी पाहून घ्यावं.

फिबेज मराठीत नाही, पण त्यासाठी यंत्र कशाला हवं? आमच्या रविवारच्या वर्गात आम्ही मोल्सवर्थचा जुना कोश उघडतो आणि विसरलेला एखादा शब्द काढतो. परवा ‘वळचण’ निघाला. छपराची भिंतीबाहेर आलेली कड, हा अर्थ शिकागोत वाढलेल्या पोरांना कुठून माहीत असणार? चिठ्ठ्या आल्या त्या अशा: ‘सारखं मागे वळून बघायची सवय’, ‘चण्याची वळलेली लाडूसारखी वस्तू’, ‘घाटात गाडी लागते ती’. तीन थापा, पण ‘वळ’ या धातूला तिन्ही मुलांनी बरोबर हात घातला होता. गाडी लागण्यावर माझंही मत गेलं असतं.

गणेशोत्सवाची प्रश्नपत्रिका करणाऱ्या समितीकडे माझी एकच मागणी आहे. चारही पर्यायांपुढे एकेक रकाना ठेवा. जायकवाडी धरण कुठल्या नदीवर, असा प्रश्न असेल तर भीमा, कृष्णा, कोयना हे पर्याय नुसते भरीला टाकू नका. भीमा म्हणणाऱ्याला सांगा की तिच्यावर उजनी आहे. कृष्णा म्हणाल तर वाईजवळचं धोम, आणि कोयनेचं धरण तिच्याच नावाचं. मग गोदावरीवर या. एका प्रश्नाला दोन मिनिटं लागतील. चाळीसऐवजी पंधराच प्रश्न होतील.