वन्समोअर आणि नाट्यसंगीताचें दार

मराठी नाट्यसंगीताच्या ऱ्हासाची मीमांसा करतांना बोलपटाला दोष देण्याची आपल्याकडे पद्धत आहे. आमच्या मतें त्यांतला बराचसा दोष रसिकांच्या पदरीं घालावयास हवा. ज्यांनीं या कलेवर जिवापाड प्रेम केलें, त्यांनींच तिचें दार परक्यांना अडविलें.

खाडिलकरांचें 'संगीत मानापमान' 1911 सालीं रंगभूमीवर आलें. 8 जुलै 1921 रोजीं गंधर्व व ललितकलादर्श या प्रतिस्पर्धी मंडळ्यांनीं टिळक स्वराज्य फंडासाठीं त्याचा संयुक्त प्रयोग केला. बालगंधर्वांची भामिनी, केशवराव भोसल्यांचा धैर्यधर! दोन्ही बाजूंच्या चाहत्यांची चुरस त्या प्रयोगांत राष्ट्रकार्याच्या उपयोगी पडली. एरव्हीं मात्र तीच रसिकता नाटकाच्या गळ्याशीं येई. पद संपलें कीं 'वन्समोअर' व्हावयाचा. नायक ताटकळत उभा, कथानक तेथेंच थांबलेलें, आणि मध्यरात्र केव्हांच उलटलेली. (मिलानच्या ला स्कालांत टोस्कानिनीनें या प्रथेला कडवा विरोध केला. आपल्याकडे त्याच्या तोलाचा हट्टी कोणी निघाला नाहीं.)

त्याची किंमत 1935 सालीं कळून आली. शांतारामांनीं दिग्दर्शित केलेल्या प्रभातच्या 'धर्मात्म्या'त बालगंधर्व एकनाथ झाले. ज्यांची तान समोरच्या 'वाहवा'वर फुलावयाची, त्यांच्यापुढें आतां निर्विकार कॅमेरा होता. आणि ज्यांनीं त्यांना पैठणींतच मनांत बसविलें होतें, त्या प्रेक्षकांना पुरुषवेषांतले संत रुचेनात. प्रभातशीं जुळलेला संबंध त्या एका चित्रावरच संपला. 1937 च्या 'साध्वी मीराबाईं'त ते पुन्हां स्त्रीवेषांत आले, परंतु रंगमंचावरून दिसणारी नायिका कॅमेऱ्याला पन्नाशीच्या उंबरठ्यावरच्या पुरुषांत कशी सांपडावी?

2015 च्या 'कट्यार काळजांत घुसली' या चित्रपटानें तें दार थोडें किलकिलें केलें. दारव्हेकरांच्या 1967 च्या नाटकांतल्या पदांशेजारीं शंकर-एहसान-लॉय यांचीं नवीं गाणीं बसविलेलीं पाहून जुने रसिक कुरकुरले. त्या कुरकुरींत तथ्य नाहीं असें नव्हे. नव्या चालींना जुन्यांची खोली नाहीं. तथापि याच संगीतकारांना घेऊन 2025 सालीं 'मानापमान' पडद्यावर येऊं शकलें, हें त्या पहिल्या धाडसाचेंच फळ होय.

तुर्भ्याच्या घाऊक बाजारांत वाढलेला एखादा तरुण असे चित्रपट पाहून वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहांत संगीत नाटकाला येतो. शेजारचे गृहस्थ प्रत्येक पदाआधीं वसंतरावांचें नांव घेऊन सुस्कारा टाकतात, आणि पद सुरू झालें कीं स्वतःच मोठ्यानें गाऊं लागतात. मध्यंतरानंतर त्या तरुणाची खुर्ची रिकामी असते.