पावलाच्या शस्त्रक्रियेतील मज्जातंतुरोध आणि पूरक द्रव्ये : तुलनेच्या मापदंडाचा विचार

पावलाच्या शस्त्रक्रियेसाठी करावयाच्या मज्जातंतुरोधात, म्हणजे रुग्णालयीन बोलीतील 'ब्लॉक'मध्ये, बधिरक औषधाबरोबर कोणते पूरक द्रव्य मिसळावे यासंबंधीचे तौलनिक लेखन गेल्या दोन दशकांत विपुल झाले आहे. त्याचा साचा ठरलेला आहे. एका गटास केवळ ब्युपिव्हॅकेन वा रोपिव्हॅकेन द्यावयाचे, दुसऱ्यास त्यातच डेक्सामेथासोन, क्लोनिडीन किंवा डेक्समेडेटोमिडीन मिसळून द्यावयाचे, आणि बधिरता ज्या गटात अधिक तास टिकेल तो श्रेष्ठ मानावयाचा. तासांची वाढ म्हणजेच रुग्णाचे हित, हे येथील गृहीतक. आणि तेच तपासून पाहण्याजोगे आहे.

मिश्रणाची कल्पना जुनीच. १८८४ साली कार्ल कोलर याने नेत्रशस्त्रक्रियेत कोकेनचा बधिरक गुण दाखवून दिला, आणि त्यानंतर सुमारे वीस वर्षांत हाइनरिश ब्राउन याने बधिरकात ॲड्रिनॅलिन मिसळण्याची पद्धत रूढ केली. तीमागील कार्यकारणभाव उघड होता : रक्तवाहिन्या आकुंचित कराव्या आणि औषध जागच्या जागी रोखावे. आजच्या द्रव्यांविषयी इतक्या निःशंकपणे बोलता येत नाही. डेक्सामेथासोनचेच उदाहरण घ्यावे. २०१७ च्या कॉक्रेन समीक्षेनुसार ते मज्जातंतूजवळ दिल्यास संवेदनारोध सुमारे पावणेसात तासांनी लांबतो; पण तेच शिरेतून दिले तरीही तो सुमारे सव्वासहा तासांनी लांबतो. दोन्ही मार्गांची समोरासमोर तुलना केली असता मज्जातंतूजवळच्या मार्गाचा अधिक लाभ तीन तासांच्या आसपास भरतो. मग सुईच्या टोकाशी श्रेय किती आणि रक्तप्रवाहाशी किती ? याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, त्या समीक्षेतील ३५ चाचण्यांपैकी ३३ हाताच्या शस्त्रक्रियांवरील होत्या. पायाच्या वाट्यास दोनच आल्या. हातावरचा निष्कर्ष पायास लागू करण्याची रीत सोयीची खरी, शास्त्रीय नव्हे.

कारण पाऊल हे भार वाहणारे अंग आहे. गुडघ्यामागील खळगीत सायॅटिक मज्जातंतूचा रोध केला असता वेदनेबरोबरच घोट्याची हालचालही जाते. पाऊल लोंबते, आणि त्याच संध्याकाळी घरी धाडलेला रुग्ण पडण्याचा धोका पत्करतो. घोट्यापाशी पाच मज्जातंतूंचा रोध केल्यास पोटरीचे स्नायू शाबूत राहतात. तेथे बधिरतेचे वाढीव तास निराळ्या किमतीचे ठरतात. दोन्ही पद्धतींतील तास एकाच तराजूत घालणारे लेखक हा भेद विसरतात. प्लास्टरखाली पायाचा दाब वाढू लागला तर वेदना हीच पहिली सूचना असते, याचाही विसर पडू नये.

२०१४ साली घोटा व पाऊल यांच्या शस्त्रक्रियेतील ८० रुग्णांवर प्रसिद्ध झालेली चाचणी म्हणूनच मोलाची वाटते. तिच्यात प्रमुख कसोटी म्हणून तासांऐवजी रुग्णाच्या सर्वांगीण पूर्वस्थितीची गुणवत्ता घेतली होती. आणि डेक्सामेथासोन कोणत्याही मार्गाने दिले तरी त्या गुणवत्तेत सरसता आढळली नाही. या निष्कर्षाचा उल्लेख नंतरच्या लेखनात व्हावा तितका होत नाही.

क्लोनिडीनविषयी फार लिहिण्याचे कारण नाही : लाभ सुमारे दोन तासांचा, आणि बदल्यात रक्तदाब व नाडी उतरण्याचा धोका. डेक्समेडेटोमिडीन अधिक प्रभावी असले तरी त्याचेही दोष त्याच जातीचे आहेत, शिवाय गुंगी. डेक्सामेथासोन व रोपिव्हॅकेन एकत्र केल्यास स्फटिक तयार होऊ शकतात, ही प्रयोगशाळेतील नोंदही दुर्लक्षिण्याजोगी नाही.

राहता राहिला मधुमेही रुग्ण. पावलाच्या शस्त्रक्रियेस येणाऱ्यांत त्याची संख्या मोठी, त्याचे मज्जातंतू आधीच दुबळे, आणि डेक्सामेथासोनने त्याची रक्तशर्करा वाढते. तरीही अशा चाचण्यांतून पुष्कळदा नेमका तोच वगळला जातो. पुढील अभ्यासकाने गट पाडण्यापूर्वी प्रथम त्याचा विचार करावा, आणि बधिरता उतरताना उसळणारी वेदना, घरची पहिली रात्र व पाऊल टेकण्याची वेळ या तिन्हींची नोंद तासांच्या रकान्याशेजारी ठेवावी.