शिश्नवक्रतेच्या शस्त्रक्रियेतील ग्राफ्ट : यशाच्या निकषाची चिकित्सा

ला पेरोनी या फ्रेंच शल्यचिकित्सकाने १७४३ साली वर्णिलेल्या व्याधीत शिश्नाच्या तंतुमय वेष्टनात कठीण चकती उत्पन्न होते. तो भाग ताणला जात नाही. साहजिकच ताठरतेच्या वेळी अवयव त्या बाजूस वाकतो. वाक साठ अंशांहून अधिक असल्यास चकतीस छेद देऊन उघडी पडलेली जागा ग्राफ्टने भरावी, असे सामान्यतः सुचविले जाते. ती कशाने भरावी, याविषयीचे लेखन विपुल आहे.

डिव्हाइन व हॉर्टन यांनी १९७४ साली रुग्णाच्याच त्वचेचा आतील थर वापरला; लू व एल-सक्का यांनी १९९८ साली पायातील शीर पुढे आणली. डेक्रॉनसारखी कृत्रिम द्रव्ये जंतुसंसर्ग व दाह यांमुळे मागे पडली. बैलाचे हृदयावरण, डुकराच्या आतड्याचा थर, कोलॅजनचा पापुद्रा यांनी रुग्णाच्या शरीरावरील दुसरी जखम टळली, हा लाभ निर्विवाद होय.

परंतु यांतील श्रेष्ठ कोणते, हे उपलब्ध पुराव्यावरून ठरविता येते काय? बहुतेक वृत्तांत एकाच केंद्रातील, थोड्या रुग्णांचे व मागाहून संकलित केलेले आहेत. त्यांत वाक मोजण्याची रीतही एक नाही. शिवाय ज्यांची ताठरता मुळात चांगली, अशांचीच या शस्त्रक्रियेसाठी निवड होते. तेव्हा यशाचे श्रेय द्रव्याचे किती, निवडीचे किती व शल्यचिकित्सकाच्या हाताचे किती, हे वेगळे काढता येत नाही. शिरेचे अस्तर शिश्नातील रक्तपोकळ्यांच्या अस्तराशी मिळतेजुळते असते, हा युक्तिवाद आकर्षक खरा. तथापि तेवढ्याने तिची श्रेष्ठता सिद्ध होत नाही.

याहून गंभीर दोष निकषात आहे. अवयव सरळ झाला की शस्त्रक्रिया यशस्वी, असे गृहीत धरले जाते. नेस्बिट यांनी १९६५ साली जन्मजात वक्रतेसाठी सांगितलेल्या व पुढे या व्याधीतही स्वीकारल्या गेलेल्या पद्धतीत लांब बाजू आखूड केली जाते; तेथे लांबी घटते. ग्राफ्टने लांबी बरीचशी राखता येते, पण मज्जातंतू व रक्तवाहिन्यांचा जुडगा सोडवावा लागत असल्याने संवेदना आणि ताठरता या दोहोंस धोका संभवतो. रुग्णापुढील खरा प्रश्न हा आहे. शीर की हृदयावरण, हा त्यानंतरचा.

म्हणून यापुढील संशोधकांनी शस्त्रक्रियेपूर्वीची व नंतरची ताठरता, लांबी, संवेदना आणि औषधांची गरज एकाच मापाने नोंदवावी, व ती अनेक वर्षे नोंदवीत राहावे. तोपर्यंत कोणत्याही द्रव्याची शिफारस करताना हा संशय रुग्णास स्पष्ट शब्दांत सांगणे, हे चिकित्सकाचे कर्तव्य ठरते.