इंजिन निवडताना चित्राला विचारा

गेम करायला निघालेला चित्रकार पहिल्यांदा विचारतो, ‘कोडिंग येत नाही, सोपं इंजिन कुठलं?’ हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा २०२० सालचा ‘राजी’ बघा. अनरियल इंजिनवर केलेला. राजस्थानी धाटणीचे महाल, त्यावरचा उजेड, डोळे निवतात! अनरियलमध्ये ब्लूप्रिंटची सोय आहे. चौकटी तारांनी जोडत जायच्या, कोड लिहायला नको. पण तर्क काही टळत नाही, हे कुणी सांगत नाही. आणि गंमत म्हणजे ‘राजी’तले गोष्ट सांगणारे प्रसंग छायाबाहुल्यांसारखे सपाट आहेत. मला तेच जास्त लक्षात राहिले! तेवढ्यासाठी एवढं जड इंजिन लागलंच नसतं.

आता आपला नळदुर्ग घ्या. पावसाळ्यात नर-मादी कोसळतायत आणि पाणीमहालात उजेड हलतोय, हे दाखवायचंय? मग अनरियल घ्या, सोबत तगडा संगणकही. तीच गोष्ट सपाट चित्रांत सांगायची असेल, तर गोडो हे इंजिन पुरे. फुकट आहे, साध्या लॅपटॉपवरही चालतं. आधी एकच खोली दोन्हींत मांडा. भिंतीचा रंग बदलला की चालत्या खेळात दिसायला किती वेळ लागतो, ते घड्याळ लावून बघा.