धर्मादाय संस्थांची करसवलत : सातारा-सांगलीच्या संदर्भात एक चिकित्सा

धार्मिक व अन्य ना-नफा संस्थांना कर माफ असावा काय, हा प्रश्न वरवर आयकराचा असला तरी मुळात सार्वजनिक विश्वासाचा आहे. शासनाने सोडलेल्या कराचा भार अखेर इतर करदात्यांवर पडतो. म्हणून सवलत संस्थेच्या नावावरून नव्हे, तर तिच्या कार्यावरून ठरणे न्याय्य होय.

या दृष्टीने सातारा व सांगली जिल्ह्यांचा इतिहास उद्बोधक आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये साताऱ्यात सुरू झालेल्या वसतिगृहात विविध जातिधर्मांची मुले एका पंक्तीत जेवू लागली. त्यांच्या अन्नासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिशन रुग्णालय उभारले. त्यामागील प्रेरणा ख्रिस्ती धर्माची होती. सेवा मात्र सर्वधर्मीय रुग्णांची झाली. एक संस्था लौकिक, दुसरी धर्मप्रेरित; तरीही दोहोंनी शासनाच्या वाट्याचे कार्य केले. ‘धार्मिक की लौकिक’ हा निकष येथे अपुरा पडतो.

कायद्यात मात्र हा भेद टिकून आहे. उत्पन्नाचा ८५ टक्के भाग उद्दिष्टांवर खर्च करण्याची अट दोन्ही प्रकारच्या न्यासांना सारखीच आहे. परंतु २००६ मध्ये निनावी देणग्यांवर ३० टक्के कर बसवताना धार्मिक न्यास वगळण्यात आले. दानपेटीत नाणे टाकणाऱ्या भाविकाचे नाव विचारणे अशक्य, हे खरे. पण मोठ्या निनावी रकमांना हे समर्थन पुरेसे ठरत नाही.

शिक्षणसंस्थांनीही आत्मपरीक्षण करावयास हवे. प्रवेशासाठी देणगी घेण्यास महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने बंदी घातली. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘न्यू नोबल’ प्रकरणात, शिक्षण हाच एकमेव उद्देश असलेल्या संस्थेलाच शैक्षणिक करमाफी मिळेल, असा निर्णय दिला. शिक्षणाच्या नावाखाली नफा कमावणारी संस्था या कसोटीस उतरणार नाही.

पूजास्थानांवर कर म्हणजे धर्मात हस्तक्षेप, हा आक्षेप दुर्लक्षणीय नाही. तथापि, हिशेब मागणे म्हणजे पूजेवर कर लादणे नव्हे. प्रत्येक न्यासाने लेखापरीक्षित जमाखर्च आणि लाभार्थ्यांची संख्या आपल्या दाराशी मराठीत लावावी. सारांश, करसवलत हा संस्थेचा जन्मसिद्ध हक्क नसून समाजाने दिलेली ठेव आहे; ती दरवर्षी सेवेने फेडावी लागते.