एस्थवेटचे सरोवर आणि ‘प्रेल्यूड’मधील बालपण

वर्ड्‌स्वर्थ हा निसर्गाच्या मांडीवर वाढलेला कवी, हे विधान वर्गावर्गांतून इतक्यांदा उच्चारले जाते की, ‘प्रेल्यूड’मधील बालपण हे एका पोरक्या मुलाचे बालपण आहे याचे विस्मरण व्हावे. १७७८ च्या मार्चमध्ये आई वारली. त्याच वर्षी बहीण डॉरोथी हिची रवानगी हॅलिफॅक्सला नातलगांकडे झाली. पुढे नऊ वर्षे भावाबहिणींची भेट नाही. १७७९ मध्ये मुलगा हॉक्सहेडच्या शाळेत आला आणि अ‍ॅन टायसन या वृद्धेच्या घरी राहू लागला. गावालगतच एस्थवेटचे सरोवर होते.

या सरोवराची काव्यातील पहिली महत्त्वाची आठवण रम्य नाही. संध्याकाळी पलीकडच्या काठावर कपड्यांचा ढीग दिसतो. मुलगा बराच वेळ पाहत राहतो. कपडे घ्यायला कोणी येत नाही. पाणी काळोखत जाते, मधूनच एखादा मासा उसळतो. दुसऱ्या दिवशी गळ आणि काठ्या घेऊन लोक शोध घेतात व प्रेत ताठ उभे वर येते. प्रसंग कल्पित नव्हे. शेजारच्या सॉरी गावचा एक शिक्षक जून १७७९ मध्ये येथे बुडाला होता. मुलाला तेव्हा नऊ वर्षे पूर्ण झाली होती, काव्यात मात्र वय कमी सांगितले आहे. आत्मचरित्राच्या चिकित्सकाने अशा फरकावर अडून बसू नये. अधिक अर्थपूर्ण आहे तो या प्रसंगाचा काव्यातील स्थानपालट.

१७९९ च्या द्विखंडात्मक संहितेत हा प्रसंग कोणत्याही स्पष्टीकरणाविना येतो. त्यानंतर सुमारे शंभर ओळींच्या अंतरात दुसरी आठवण आहे: नाताळच्या सुटीत घरी नेणाऱ्या घोड्यांची टेकडीवर उभे राहून पाहिलेली वाट, आणि घरी पोहोचल्यावर थोड्याच दिवसांत, डिसेंबर १७८३ मध्ये, झालेला वडिलांचा मृत्यू. दोन्हीकडे एक मूल दूर पाहत थांबलेले आहे, आणि दोन्हीकडे प्रतीक्षेच्या शेवटी मृत्यू आहे. त्यांचे नाते कवी बोलून दाखवीत नाही. केवळ शेजार पुरेसा होतो.

१८०५ च्या संहितेत हा शेजार मोडला. घोड्यांची प्रतीक्षा अकराव्या सर्गात गेली. सरोवराचा प्रसंग ग्रंथवाचनाविषयीच्या पाचव्या सर्गात आला आणि त्याला पुस्ती जोडली गेली की, परीकथांतून असली दृश्ये आधीच पाहिलेली असल्यामुळे मुलगा भ्याला नाही. प्रेतावर ग्रीक कलेची शोभाही चढविली गेली. आईचा उल्लेख याच सर्गात आहे, हे येथे आक्षेप म्हणून पुढे करता येईल. परंतु तेथे आई येते ती शिक्षणविषयक विवेचनातील एक आदर्श म्हणून. तिच्या मृत्यूचा सरोवराशी संबंध जुळत नाही.

वाचनसंस्कारांचा हा सिद्धांत स्वतंत्रपणे विचारार्ह आहे, पण तो प्रौढाचा सिद्धांत आहे. भीती वाटली नाही असे सांगताच, काठावरच्या त्या दीर्घ, मुक्या थांबण्याचे मोल उणावते. कवीच्या मृत्यूनंतर १८५० मध्ये प्रसिद्ध झालेली संहिता हीच मांडणी पुढे चालविते. १८०५ ची संहिता १९२६ मध्ये डी सेलिंकोर्ट यांनी छापली. १७९९ ची स्वतंत्र संहिता तर १९७० च्या दशकात वाचकांपुढे आली. तोवर प्रसिद्ध रूपात सरोवर आणि वडिलांचा मृत्यू यांच्यामध्ये कित्येक सर्ग पडलेले होते, आणि काठावरचे ते कपडे ग्रंथमाहात्म्याचे उदाहरण म्हणूनच वाचले जात होते.