दऱ्या आणि दर्या

संगणकाच्या पडद्यावर देवनागरी अक्षर उमटले म्हणजे मराठीचे काम झाले, असा समज प्रोग्राम रचणाऱ्या मंडळींत रूढ दिसतो. हा समज अपुरा आहे. अक्षर दाखविणे निराळे आणि अक्षर ओळखणे निराळे.

युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीस स्थान मिळाले व तिच्या वर्णांना संकेतांक लाभले. परंतु एकच रूप दोन वाटांनी लिहिता येते. ‘दऱ्या’ या शब्दातील अर्धा र कोणी ‘ऱ’ या स्वतंत्र वर्णास हलन्तचिन्ह जोडून साधतो, तर कोणी साध्या ‘र’पुढे हलन्तचिन्ह व एक अदृश्य जोडचिन्ह घालून. वाचकास दोन्ही एकच. यंत्रास मात्र ते दोन भिन्न शब्द होत. युनिकोडची एकरूपीकरणाची प्रमाणित रीतही हा भेद मिटवीत नाही. अदृश्य चिन्हांना केर समजून झाडून टाकणारा प्रोग्राम तर दुसऱ्या वाटेने लिहिलेल्या डोंगरांतील दऱ्यांचा थेट समुद्र करून ठेवतो! ‘ॲ’चीही गत तीच. त्याला स्वतंत्र संकेतांक २००८ साली मिळाला. ‘अ’वर चंद्र देऊन केलेले लेखन त्याच्याशी आपोआप जुळत नाही.

क्रमाचा प्रश्नही असाच आहे. केवळ संकेतांकांनुसार सूची लावली, तर ‘ळ’ हा ‘ल’च्या पाठीस लागतो; आपल्या वर्णमालेत त्याचे स्थान ‘ह’नंतर आहे. लांबी मोजतानाही हीच गफलत होते. ‘क्षत्रिय’ या शब्दात वाचक तीन अक्षरे मोजतो, युनिकोड आठ संकेतांक आणि यूटीएफ-८ पद्धती २४ बाइट. बाइट मोजून मजकूर छाटणाऱ्यास जोडाक्षर मध्येच तुटल्याची दादही नसते.

हा दोष युनिकोडच्या माथी मारणे न्याय्य नव्हे. संकेतांक ही केवळ सामग्री होय. लेखनरूपे एक करून शोध घेणे, मराठीच्या क्रमाने सूची लावणे आणि अक्षराच्या सीमेवरच मजकूर तोडणे, ही प्रोग्राम रचणाऱ्याची जबाबदारी आहे. कोश व ग्रंथसूची संगणकाच्या हाती सोपविताना शिक्षकांनी आणि अकादमींनी या तीन कसोट्या आग्रहाने लावाव्यात. शोधात न सापडणारा शब्द संग्रहात असूनही अभ्यासकाच्या लेखी नसल्यासारखाच असतो.